जंतू कुठून आला

लघवीला जळजळ होते, हे वाक्य मी कित्येक वर्षं कुणासमोर मोठ्याने बोलले नव्हते. सांगायचे फक्त एकाच माणसाला, तेही आडून. तो माणूस म्हणजे माझा धाकटा दीर. दहिसरला आमच्या बिल्डिंगपासून दोन गल्ल्या सोडून त्याचं औषधांचं दुकान आहे. संध्याकाळी कामावरून येताना मी तिथे थांबायचे. गिऱ्हाईक हटेपर्यंत काउंटरवरच्या खोकल्याच्या गोळ्यांची बरणी न्याहाळत उभी राहायचे आणि मग म्हणायचे, भावजी, ते मागचंच परत. तेवढं पुरायचं. तो मान वर न करता मागे वळायचा, एका पट्टीतून चार गोळ्या कापायचा, कागदी पाकिटात घालायचा आणि भरपूर पाणी प्यायला सांगायचा.

पाण्याचंच तर सगळं दुखणं होतं. मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढते. कारखान्यात बायका मोजक्याच. आमच्या वाट्याचं संडास गोदामाच्या मागे, कडी धड लागत नाही, नळाला पाणी असलं तर असलं. म्हणून आम्ही सगळ्याजणी एकच करायचो. सकाळी घरून जाऊन निघायचं आणि संध्याकाळी घरी पोचल्यावर जायचं. मधल्या वेळात पाणी जपून, घसा ओला होण्यापुरतं. याबद्दल आम्ही आपसातही बोलत नव्हतो. एकमेकींच्या न संपलेल्या पाण्याच्या बाटल्या बघायचो, आणि कळायचं.

गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी जळजळ थांबायची. थांबली की मी गोळ्याही थांबवायचे. उरलेल्या फ्रीजच्या दारात, अंड्यांच्या कप्प्यात ठेवायचे आणि पुढच्या वेळी आधी त्याच संपवायचे. काही वाया जाऊ द्यायचं नाही, ही आमच्या घरातली शिस्त. सासूबाई गावाहून यायच्या तेव्हा त्यांच्या गुडघ्याला, नवऱ्याच्या घशाला, सगळ्यांना त्या कप्प्यातलं काहीतरी लागू पडायचं.

मग एक वर्ष असं आलं की जळजळ थांबून आठवडा होतोय न होतोय तोच परत सुरू व्हायची. भावजींनी गोळी बदलून दिली. ही जरा वरची आहे, म्हणाले. ती लागू पडली. मग तीही पडेनाशी झाली, तेव्हा तिच्याही वरची. मी विचारलं नाही की वर अजून किती आहेत.

उन्हाळा लागत होता. मी मेट्रोने घरी येत होते आणि मला थंडी वाजायला लागली. आधी वाटलं, एसी फार आहे. शेजारच्या बाईला मी म्हटलंसुद्धा, किती गार केलंय यांनी. तिने माझ्याकडे चमकून बघितलं. ती ओढणीने वारा घेत होती. पुढच्या दोन स्टेशनांत माझे दात वाजायला लागले, मांडीवरची पर्स उडत होती. बाई म्हणाली, तुम्हाला बरं नाहीये, कुणाला तरी फोन लावा. बोट नीट टेकत नव्हतं, म्हणून नवऱ्याचा नंबर तिनेच लावला. तिचा चेहरा मला आता आठवत नाही, ओढणी मात्र आठवते, पिवळी.

नवऱ्याने मला घरी आणून दोन गोधड्या घातल्या. भावजी दुकान उघडं टाकून आले. त्यांनी ताप बघितला, मग ब्लडप्रेशरचं मशीन लावलं. आकडा बघून परत लावलं. मग दुसऱ्या हाताला लावलं. मी गोधडीतून त्यांचा चेहरा बघत होते. एरवी हा माणूस एकदा बघून काय ते सांगून मोकळा होतो. त्यांनी मशीन गुंडाळलं नाही, तसंच पलंगावर टाकलं आणि भावाला म्हणाले, "रिक्षा बोलाव. आत्ता, लगेच. चहाबिहा नको."

बोरिवलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मला ते दोघे लांब कुठेतरी बोलताहेत असं ऐकू येत होतं. नंतरचं सगळं तुकड्यातुकड्यांत आहे. कुणीतरी एका हातातून रक्त काढलं, मग दुसऱ्या हातातून, आणि छोट्या बाटल्यांत भरलं. मला वाटलं, एवढं रक्त कशाला हवं यांना. नंतर कळलं की त्या बाटल्यांत रक्तातले जंतू वाढवतात. ते वाढले, की कोणत्या औषधाने मरतात ते तपासतात. याला वेळ लागतो, आणि तोवर डॉक्टर अंदाजाने औषध सुरू करतात.

माझ्या बाबतीत अंदाज चुकला. यात कुणाचा दोष नव्हता. दहापैकी नऊ जणांना जे लागू पडलं असतं तेच त्यांनी दिलं होतं.

अतिदक्षता विभागात मला एकच घाई होती, लघवीला जायची. नळी घातलेली होती, जायची गरजच नव्हती, पण शरीराला ते पटत नव्हतं. मी उठून बसायचे, पाय खाली सोडायचे, हातातली सलाईनची नळी ओढायचे. नर्स येऊन सांगायची, ताई, नळी आहे, सोडा तशीच. मी तिच्याशी भांडायचे, दाराची कडी लागत नाही, तू बाहेर उभी राहा. एकदा ती खरंच पडद्याबाहेर उभी राहिली आणि म्हणाली, "उभी आहे मी, कुणी येणार नाही." तेव्हा कुठे मी पडून राहिले.

त्या दिवसांचं पुढचं मला नवऱ्याने सांगितलं, आणि तेही एका दमात नाही. रिपोर्ट आला तेव्हा तो आणि भावजी दोघेही तिथे होते. औषधांची नावं एकाखाली एक आणि प्रत्येकासमोर एक इंग्रजी अक्षर. बहुतेक सगळ्यांसमोर आर. नवऱ्याला वाटलं आर म्हणजे राईट, बरोबर, म्हणजे एवढी सगळी औषधं चालतील. त्याला हायसं वाटलं. त्याने भावजींकडे बघितलं तर भावजी यादीवरून बोट फिरवत खाली खाली जात होते. ती सगळी नावं त्यांच्या ओळखीची होती, त्यांच्या दुकानातल्या फळ्यांवरची. आर म्हणजे रेझिस्टंट, त्या औषधाला जंतू दाद देत नाही, हे त्यांना माहीत होतं. कागद नवऱ्याच्या हातात दिला आणि बाहेर जिन्यावर जाऊन बसले.

डॉक्टर बाई होत्या, पिकलेल्या केसांच्या, जंतुसंसर्गाच्याच तज्ज्ञ, आणि बोलायला अगदी सरळ. त्यांनी नवऱ्याला समोर बसवून सांगितलं, "हे जंतू नेहमीच्या सगळ्या औषधांना सरावलेत. दोन औषधं उरलीत. दोन्ही जुनी आहेत आणि दोन्ही अंगाला लागतात. एक किडनीला फार जड आहे, आणि यांची किडनी आत्ताच कुरकुरतेय. दुसरं कानाला लागू शकतं."

"बहिरी होईल?" नवऱ्याने विचारलं.

"होऊ शकते. पण आधी त्या उद्यापर्यंत जगायला हव्यात."

त्याने सही केली. तो सांगतो, सही करताना त्याच्या डोक्यात एकच चालू होतं की आता आपल्याला मोठ्याने बोलायची सवय करावी लागेल. सासूबाईंना गावी फोन केला. त्या म्हणाल्या, "देवाक गाऱ्हाणा घातलंय मी. तू माका रोज फोन कर." तो रोज करत होता.

त्या जुन्या इंजेक्शनने ताप उतरला. लगेच नाही, पण उतरला. मी शुद्धीवर आले, माणसं ओळखायला लागले, पेज प्यायला लागले. नवरा पलंगाच्या मागे उभा राहून हळूच म्हणायचा, चहा? मी म्हणायचे, हो. पुन्हा थोड्या वेळाने त्याहून हळू, चहा? मला वाटलं याला झालंय तरी काय. तो माझे कान तपासत होता. कानात बारीक शिट्टी वाजत होती, पण ऐकू सगळं येत होतं. त्याने जिन्यावरून सगळ्यांना फोन केले की कान वाचले.

मग मला पहिल्यांदा उभं केलं.

पाय जमिनीवर टेकले आणि जमीन निघून गेली. चक्कर नव्हती ती. चक्कर मला माहीत आहे, त्यात सगळं गोल फिरतं. इथे काही फिरत नव्हतं. मी उभी आहे की तिरकी आहे, हे मला आतून सांगणारं जे काही असतं ते गप्प झालं होतं. नर्स म्हणाली अशक्तपणा आहे. घरी आल्यावर जाऊबाई म्हणाल्या अशक्तपणा आहे, आणि लाडू पाठवले. सगळ्यांनीच तसं म्हटलं, आणि मीही ते धरून ठेवलं, कारण अशक्तपणा जातो.

हा गेला नाही. आंघोळ करताना तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मी थेट भिंतीवर. देवापुढे हात जोडून सवयीने डोळे मिटले तर समईवर पडता पडता राहिले. तेव्हापासून मी देवाकडे उघड्या डोळ्यांनी बघते. चालायला लागले की समोरचं सगळं पावलागणिक उसळायचं. दुकानांच्या पाट्या वाचता येत नव्हत्या. समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा ओळखायचा तर मला आधी थांबावं लागायचं. थांबून टक लावून बघायचं आणि मग हसायचं. बिल्डिंगमधल्या बायकांना वाटलं आजारातून उठल्यावर हिला शिष्टपणा आलाय.

कानाच्या डॉक्टरांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, त्यांच्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि एकदम झटका दिला. माझी नजर नाकावरून निसटली. दुसऱ्या बाजूलाही तेच. ते मागे सरकून बसले. ऐकण्याचा भाग वाचलाय, म्हणाले, पण कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, तो दोन्हीकडचा गेलाय. इंजेक्शनने. मी विचारलं, परत कधी येईल? त्यांनी पेन खाली ठेवलं. "तो नाही यायचा. पण डोळे आणि पाय त्याचं काम थोडं थोडं शिकतील. व्यायाम करावा लागेल. कंटाळवाणा आहे."

व्यायाम म्हणजे भिंतीवर एक अक्षर चिकटवायचं, त्याच्याकडे बघत मान डावीउजवीकडे हलवायची आणि अक्षर जागेवर ठेवायचा प्रयत्न करायचा. ते राहत नसे. मग चालता चालता मान फिरवायची, एकदा इकडे, एकदा तिकडे. रविवारी नवरा मला आरेच्या जंगलात घेऊन जायचा, तिथे झाडांखालचा रस्ता रुंद आणि सकाळी मोकळा. मी त्याचा दंड धरून मान वळवत वळवत चालायचे. रस्त्याकडेला भाजी घेऊन बसलेली पाड्यावरची एक बाई आमच्याकडे बराच वेळ बघत होती. आम्ही जवळ आलो तेव्हा तिने विचारलं, "कुणी हरवलंय का तुमचं?" नवरा हसला. मला हसता आलं नाही.

कारण शोधणं तर चालूच होतं. जंतू कुठून आला, हे मला कळायला हवं होतं. बसल्या जागी, भाजी निवडताना, भिंतीवरच्या त्या अक्षरापुढे मान हलवताना डोक्यात तेवढंच. कोंबडीवाल्याकडून आला? दहिसर नदीच्या पुलावरून जाताना मी पाण्याकडे संशयाने बघायचे. मागच्या वर्षी मावशीला भेटायला दवाखान्यात गेले होते, तिथे तिच्या पलंगावर बसले होते, तिथून? कारखान्यातल्या त्या संडासातून? का भावजींच्या पाकिटातून? नवरा आधी उत्तरं द्यायचा, मग म्हणायला लागला, सोड ना आता. मी सोडत नाही म्हटल्यावर तो उठून गॅलरीत जायचा. रात्री झोपेत मी म्हणे पाय हलवत असे.

पुन्हा दाखवायला गेले तेव्हा मी हे डॉक्टरबाईंनाच विचारलं. त्या घाईत होत्या, तरी थांबल्या. म्हणाल्या, "असे जंतू आता आपल्या कुणाच्याही आतड्यात सापडतात. पाण्यातून येतात, खाण्यातून येतात, दवाखान्यातून घरी जातात, घरून दवाखान्यात येतात. तुम्ही गोळी घेतली की साधे मरतात आणि हे उरतात. हात-पाय पसरायला त्यांना जागा मिळते. पण पहिला कुठून आला ते मी नाही सांगू शकत. कुणीच नाही."

"म्हणजे कुणाचीच चूक नाही?"

"असं कुठे म्हटलं मी? बऱ्याच जणांची आहे. त्यात तुमच्या वाट्याची किती, ते मोजता येत नाही एवढंच."

मला एक माणूस हवा होता. एक जागा, एक दिवस. त्याऐवजी सगळी मुंबई हातात आली, आणि तिच्यावर कसं चिडायचं ते मला कळेना.

या सगळ्या काळात भावजी आमच्या घरी आले नव्हते. एरवी दुपारी दुकान बंद करून घरी जाताना ते आमच्याकडे डोकावायचे, अर्धा कप चहा घ्यायचे. आता जाऊबाई यायच्या, डबा ठेवायच्या, दुकानात फार गर्दी आहे म्हणायच्या. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, त्याला यायला जमत नाहीये. काय जमत नाहीये, ते मीही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग होता आणि ते येत नाहीत याचाही राग होता.

एका सकाळी नवरा कामावर गेला आणि मी एकटी निघाले. आजारानंतर एकटीने घराबाहेर पडायची ती पहिलीच वेळ. काठी घ्यायची लाज वाटली म्हणून छत्री घेतली, लांब दांड्याची, कडक उन्हात मिटलेली. दोन गल्ल्या. पहिल्या गल्लीत भिंतीला हात लावत गेले. रस्ता ओलांडायचा तिथे भिंत नव्हती. रिक्षा कुठून येतेय ते बघायला मान वळवली की रस्ताच वळायचा. मी मध्येच उभी राहिले. एक रिक्षावाला हॉर्न न वाजवता थांबला, त्याने हाताने जा म्हटलं, आणि मी गेले.

दुकानात भावजी एका बाईशी हुज्जत घालत होते. म्हणजे बाई घालत होती. तिच्या मुलाला ताप होता, तिला मागच्या वेळचीच गोळी हवी होती, आणि भावजी म्हणत होते डॉक्टरची चिठ्ठी आणा. काउंटरवर त्यांच्या हाताने लिहिलेला पुठ्ठा टांगला होता, चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळणार नाही. बाई म्हणाली, इतकी वर्षं देत होतात तेव्हा काय झालं होतं? आणि समोरच्या दुकानाकडे निघून गेली. ते दुकान तिथून दिसतं. तिला तिथे गोळ्या मिळाल्या, तेही दिसलं.

मग त्यांनी मला बघितलं. लगबगीने फळी उचलून बाहेर आले, स्टूल दिलं, पंखा माझ्याकडे वळवला. एकटी कशी आलीस, फोन का नाही केलास, दादाला माहीत आहे का. मी पाणी प्यायले. ते काउंटरच्या आत जाऊन उभे राहिले आणि काही न बघता खोक्यांची जागा बदलत राहिले.

माझ्याकडे पाठ करूनच त्यांनी विचारलं, "वहिनी, माझ्यामुळे झालं का गं?"

महिनोन्‌महिने मी या प्रश्नाचं उत्तर तयार करत होते. कधी त्यात ओरडत होते, कधी त्यांना माफ करत होते. प्रत्यक्षात म्हणाले, "मी डॉक्टरांना विचारलं, भावजी. सांगता येत नाही म्हणाल्या."

"पण थोडं तरी?"

"थोडं असेल."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं होतं की हे म्हटल्यावर माझं मन हलकं होईल. झालं नाही. पण त्यांचे खांदे जरा खाली आले. कदाचित नाही म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला नसता. ते हळूहळू बोलायला लागले. फार्मसीच्या अभ्यासक्रमात हे सगळं शिकवलं होतं, त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण दुकान सुरू केलं तेव्हा लोक डॉक्टरकडे जायला नको म्हणून त्यांच्याकडे यायचे आणि बरं वाटलं की सांगायला परत यायचे. ते त्यांना आवडायचं. माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवायचं जिवावर यायचं. आणि तू तर घरची, म्हणाले, तुला नाही कसं म्हणू. बोलता बोलता ते चष्मा पुसत होते, आणि पुसून झाल्यावरही पुसतच होते.

परत येताना त्यांनी मला सोडायला यायचं म्हटलं. मी नको म्हटलं, मग रस्त्यापर्यंत या म्हटलं, मग ते घरापर्यंत आले आणि अर्धा कप चहा घेऊन गेले.

पावसाळ्यानंतर मी कामावर परत रुजू झाले. टेबलाशी बसलं की मी पहिल्यासारखीच होते, रेषा स्थिर, मापं अचूक. पहिल्याच आठवड्यात मालक ड्रॉइंग बघायला आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, काही लागलं तर सांगा हं. मी सांगितलं. बायकांच्या संडासाला कडी हवी आणि नळाला पाणी, असं म्हटलं. ते नसल्यामुळे आम्ही दिवसभर लघवी दाबून धरतो, असंही म्हटलं. पुरुष ड्रॉइंगमध्ये डोकं घालून बसले. मालकांचे कान लाल झाले. कडी त्याच आठवड्यात लागली, पाण्याला जरा वेळ लागला.

आणि मग एका सकाळी परत जळजळ झाली.

मी बाथरूममध्ये तशीच बसून राहिले.  आधी वाटलं भास असेल. दुसऱ्यांदाही तसंच झालं. नवऱ्याला सांगितलं तर त्याचा चेहरा बघवेना, म्हणून मीच त्याला म्हटलं, घाबरू नकोस, आणि भावजींना फोन लावला. यावेळी मागचं वगैरे काही नाही, सरळ म्हटलं, लघवीला जळजळ होतेय. त्यांनी ताप विचारला, थंडी वाजते का विचारलं. नाही म्हटलं. "काही घेऊ नकोस. मी येतोय," म्हणाले. दुकानाचं शटर खाली ओढून आले. आम्ही तिघे एका रिक्षातून बोरिवलीला गेलो.

डॉक्टरबाईंनी तपासलं. ताप नव्हता, कंबरेत दुखत नव्हतं. लघवी तपासायला दिली. रिपोर्ट येईपर्यंत भरपूर पाणी प्यायचं, ताप आला तर तडक यायचं, आणि गोळी घ्यायची नाही.

ते दिवस मी कसे काढले ते विचारू नका. घरात मी एका जागी बसत नव्हते. डबे घासले, घासलेले परत घासले. बसले की हात कपाळाला जायचा. थर्मामीटर इतक्या वेळा लावलं की नवऱ्याने ते आपल्या खिशात ठेवलं. फ्रीजचा तो कप्पा त्याने केव्हाच रिकामा केला होता. पण ऑफिसच्या जुन्या पर्सच्या आतल्या खणात मला एक पाकीट सापडलं, दोन गोळ्या शिल्लक. मी ते हातात घेऊन पलंगावर बसले. घ्यावी असं वाटलं, फार वाटलं. घेतली नाही, पण त्यात धीर वगैरे काही नव्हता. त्या गोळीचं नाव मी त्या यादीत वाचलं होतं, समोर आर होता. तरीही ती टाकून द्यायला मला संध्याकाळ झाली.

पाण्याने म्हणा किंवा कशाने, रिपोर्ट येईपर्यंत जळजळ ओसरली होती. रिपोर्टमध्ये जंतू होते. तेच.

डॉक्टरबाईंनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, आता काही होतंय का. मी म्हटलं, नाही, काहीच नाही. "मग याला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या.

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "म्हणजे ते आत आहेत आणि तसेच राहू द्यायचे?"

"हो. आहेत, पण त्रास देत नाहीयेत. आज मी औषध दिलं तर जी एक-दोन चालतात तीही पचवायला त्यांना शिकवून ठेवीन. मग खरी गरज पडली की माझ्या हातात काही उरणार नाही. काही वेळा ते आपणहून जातात. काही वेळा राहतात."

"आणि परत रक्तात गेले तर?"

"तर लगेच यायचं. कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी हे जंतू आधी झाले होते म्हणून पहिल्यांदा सांगायचं. बाकी जगायचं."

भावजी माझ्या शेजारी बसले होते. बाहेर आल्यावर त्यांनी रिक्षा थांबवली नाही, म्हणाले, चल, कोपऱ्यापर्यंत चालू. मी त्यांचा दंड धरला. फुटपाथ उखडलेला होता, समोरच्या पाट्या नाचत होत्या, पूर्वीपेक्षा कमी पण नाचत होत्या. मी विचारलं, दुकान कसं चाललंय. मंद, म्हणाले. निम्मी गिऱ्हाइकं समोर गेली. काही परत येतात, चिठ्ठी घेऊन येतात. मी विचारलं, पुठ्ठा काढावासा वाटतो का कधी? "रोज," ते म्हणाले. थोडं चालून म्हणाले, "उद्या काढीन की नाही, मलाच सांगता येत नाही."

मलाही माझं सांगता येत नाही. अजून कुणी जवळ शिंकलं, खोकलं, एखाद्याच्या घरी फ्रीजच्या दारात अर्धी पट्टी दिसली की माझं बोलण्यातलं लक्ष उडतं. कुठलीशी कणकण आली की मी घरभर फिरत राहते आणि नवरा काही न विचारता चहा टाकतो. जंतू कुठून आला हे मला कळलेलं नाही, आणि तो आत्ता माझ्यात आहे की गेला तेही माहीत नाही. परवा डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं, तपासून बघू का. त्या म्हणाल्या, काही होत नसेल तर कशाला. मी बरं म्हटलं, फोन ठेवला, आणि कामाला जायला निघाले.